जुना बाथटब, क्षाराचं पाणी आणि इपॉक्सी रंग

आमच्या भुसावळ-जळगावकडे बाथटब असलेलं घर विरळाच. ज्यांच्याकडे आहे, त्यांतलेही बरेचजण त्यात आंघोळ करत नाहीत, पाणी भरून ठेवतात. नळ काही दिवसांआड येतो, त्यात दीड-दोनशे लिटर मावणारं भांडं घरात फुकट पडलंय, मग ते रिकामं ठेवायला कुणाचं मन होईल? मी रंगाचं काम करतो. डाळ मिलच्या फरश्या, तेल घाण्यांच्या टाक्या, मशिनींचे सांगाडे, असं इपॉक्सीचं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायच्या रंगाचं काम जास्त. त्यातून ओळखीओळखीनं जुने टब रंगवून नवे करायची कामं यायला लागली. बहुतेक टब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जुन्या बंगल्यांतले किंवा भंगारातून उचललेले. पिवळे पडलेले, बुडाशी खरखरीत, नळाखाली तांबड्या गंजाची रेघ उमटलेले.

इपॉक्सीच्या डब्यावर लिहिलेलं खोटं नसतं, पण ते साधारण पंचवीस अंशांच्या खोलीचा हिशोब धरून लिहिलेलं असतं. खान्देशात त्या रंगाला तीन वैरी आहेत: पाण्यातला क्षार, अंगाचं तेल आणि हवा. रंग कुठल्या कंपनीचा घ्यायचा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्यानंच सगळ्यात कमी फरक पडतो.

आधी टब कशाचा आहे ते बघा. लोहचुंबक लावा. चिकटला तर बीड किंवा पत्रा, नाही चिकटला तर फायबर किंवा ॲक्रिलिक. बोटाच्या पेरानं वाजवा. बीड ठस्स वाजतं, पत्रा खणखणतो. पाच फुटी बिडाचा टब सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात जातो, त्यामुळे तो उचलून अंगणात न्यायचा विचार सोडा, आहे तिथंच काम करा. बिडावरचा पांढरा थर म्हणजे रंग नव्हे, ती काच आहे. काचेची भुकटी लोखंडावर टाकून आठशे अंशांच्या आसपास भट्टीत वितळवलेली. ती घरी परत चढवता येत नाही. आपण करतो ते एवढंच की त्या काचेवर इपॉक्सीची पातळ कातडी चढवतो. काचेवर काही चिकटायला तयार नसतं, म्हणून पुढची सगळी खटपट. बुडाला आरपार भोक असेल किंवा बीडच तडकलेलं असेल, तर पैसे घालवू नका. आणि टब ॲक्रिलिकचा निघाला तर ॲसिटोन किंवा कडक थिनर लावू नका, पृष्ठभागच विरघळतो. हलका घासपेपर, साबणपाणी आणि प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर, असा त्याचा मार्ग वेगळा आहे. पुढचं सगळं बिडाच्या टबाचं.

काम काढायचं ते वांग्याच्या भरताच्या दिवसांत. बामणोदच्या वांग्यांच्या गाड्या लागल्या, शेतात काड्या पेटवून भरीत पार्ट्या सुरू झाल्या, की समजायचं इपॉक्सीचा मोसम आला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इपॉक्सी काही वाळत नाही, ती शिजते. रेझिन आणि हार्डनर यांची आपसात प्रक्रिया होते आणि तिची स्वतःचीही उष्णता असते. दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुपटीनं वाढतो. म्हणजे पंचवीस अंशांना जो माल दीड-दोन तास हातात राहतो, तो उन्हाळ्यात अर्ध्या तासात डब्यातच दगड होतो, डबा हाताला चटका देतो, कधी धूरसुद्धा निघतो. पावसाळ्यात दुसरं दुखणं. हवेत ओल असली की ताज्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, आणि त्यावर दुसरा हात मारला की तो धरत नाही.

थंडीतही वेळ साधावी लागते. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं आणि बीड ती थंडी धरून ठेवतं. खोली गरम वाटते, टब गारच असतो. थंड बिडावर दव धरतं, डोळ्याला दिसतही नाही. साध्या इपॉक्सीची प्रक्रिया दहा अंशांच्या खाली जवळपास थांबते. म्हणून सकाळी दहाच्या आत डबा उघडायचा नाही. हात टबाच्या आतून फिरवायचा, गार ओलसर लागला तर चहा घ्यायचा. अकरा ते तीन ही कामाची वेळ. त्यानंतर लावलेल्या रंगाला रात्रीच्या गारव्याआधी पुरेसे तास मिळत नाहीत.

आता सफाई. वेळेचा मोठा वाटा इथेच जातो आणि जायलाच हवा.

आधी टबाच्या कडेचं जुनं सिलिकॉन ब्लेडनं कापून काढा. बोटभर तुकडासुद्धा मागे राहू देऊ नका. सिलिकॉनचा नुसता ओशटपणा राहिला तरी रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. खाली पाणी जायची जाळी, वेस्ट कपलिंग आणि वरची ओव्हरफ्लोची जाळी खोलून काढा. त्यांच्या कडेनं रंग नुसता टेकवला तर तिथूनच सोलायला सुरुवात होते; जाळी काढून रंग भोकाच्या आतल्या कडेपर्यंत न्यायचा असतो. नळ ठिबकत असेल तर कॉक बंद करा, वर नळाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

मग तेल. दिवाळीची अभ्यंगस्नानं, बाळाची मालिश, रोजचं खोबरेल, वर्षानुवर्षं साबणाच्या चिकट थरात मिसळून बसलेलं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाका आणि कडक ब्रशनं घासा. हे झालं की खरा क्षार उघडा पडतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा हिसका ज्यांनी गिझरच्या कॉइलवर बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल घ्या, लिटरभर गरम पाण्याला शंभर ग्रॅम. जुने टॉवेल त्यात बुचकळून टबाच्या भिंतींना चिकटवा आणि तासभर ओले ठेवा. वाळत आले तर वरून परत शिंपडा. फेस येतो, पांढरा थर भुसभुशीत होतो, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडला की निघतो. जाड असेल तर पुन्हा तेच.

लोक घाईनं संडासाचं ॲसिड ओततात. ते क्षार खातं खरं, पण कपचा उडालेल्या जागी उघड्या बिडातही शिरतं आणि मग रंगाखालून गंज वर येतो. त्याहून वाईट म्हणजे न्हाणीघरात कोपऱ्यात ब्लीचिंग पावडरचा डबा असतोच. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. हे दोन्ही एका दिवशी एका खोलीत नकोत.

लिंबूफुलानंतर परत एकदा सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो आणि उरलेलं तेलही जातं. मग भरपूर पाणी. शेवटची धुणी मात्र बोअरच्या पाण्यानं करू नका. आरओचं पाणी घ्या किंवा गॅरेजवर बॅटरीचं पाणी मिळतं ते. याला कारण आहे. रंगाखाली विरघळणारा क्षार अडकला आणि वर पाणी साठून राहिलं, तर तो क्षार थरातून पाणी आत ओढतो आणि रंगाला फोड येतात. आंघोळीच्या टबात हे उशिरा दिसतं, पाणी साठवायच्या टबात लवकर दिसतं. चार बाटल्या बॅटरीच्या पाण्याला किती पैसे लागतात!

झालं की नाही ते कळायचा उपाय फुकट आहे. ओंजळभर पाणी भिंतीवर उडवा. ते सलग पसरून पातळ पडदा झालं तर टब स्वच्छ. थेंब होऊन वेगवेगळं घरंगळलं तर तेल अजून आहे, परत सोड्याच्या पाण्यानं घासा.

घासायचं ते ओलंच. काळा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा घासपेपर, आधी १२० नंबर, मग २२०. कोरडी मशीन फिरवू नका. जुन्या काचेच्या थरात शिसं असू शकतं आणि ती धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जायला नको. चोथा पुसून कागदात गुंडाळून टाका, मोरीत सोडू नका. घासायचं कुठवर? चकाकी संपेपर्यंत. टॉर्च आडवी धरा. जिथं उजेड चमकून परत येतो ती जागा राहिली. बूड लोक छान घासतात, कारण तिथं हात पोचतो. गोलाईत, डोक्याकडच्या उतारावर आणि नळाखाली कंटाळा करतात, आणि रंग पहिल्यांदा तिथूनच निघतो. माझ्या पोऱ्याला मी टबात उतरवूनच बसवतो. बाहेरून वाकून हे काम होत नाही.

आधी कुणी ऑइलपेंट मारून ठेवला असेल तर तो पूर्ण काढायचा. ऑइलपेंटवर इपॉक्सी मारली की तिचं थिनर खालच्या रंगाला उचलतं, सुरकुत्या पडतात. याच कारणानं साधा रेड ऑक्साइड प्रायमरसुद्धा खाली नको. आता काढायचा म्हटलं की दुकानदार रंग उतरवायचा रिमूव्हर पुढे करतो. डब्यावर मिथिलीन क्लोराइड असं लिहिलेलं असेल तर तो तिथंच ठेवा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टबातच साचते, आणि तुमचं डोकं टबात वाकलेलं असतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटब नवे करणारे १३ कामगार याच वाफेनं दगावल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं प्रसिद्ध केली आहे. रुमाल बांधून ती वाफ अडत नाही. खरवडणी, ओला पेपर आणि मनगट, एवढ्यावर भागवा.

कपचे उडालेल्या जागी गंज काढून खालचं करडं बीड दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी तिथं इपॉक्सी प्रायमर लावा, नाहीतर रात्रीतून परत तांबूस होतं. लहान खड्ड्याला एम-सीलसारखी इपॉक्सी लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. गाड्यांच्या गॅरेजातली पॉलिस्टरची लांबी पटकन कडक होते आणि सुंदर घासली जाते, पण सतत पाण्याखाली तिचा भरवसा मी धरत नाही. खिडकीच्या काचेचं लुकण तर इथं अजिबात नको. लांबी आजूबाजूच्या पातळीपेक्षा केसभर उंच ठेवा, दुसऱ्या दिवशी २२० नंबरच्या पेपरनं सपाट करा, बोट फिरवून पाहा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं, आणि पांढरा रंग चढला की तेच डोळ्यालाही दिसतं.

रंग लावायच्या दिवशी गॅस गिझर बंद करा, नुसता नळ नव्हे, सिलिंडरचा रेग्युलेटर. थिनरची वाफ आणि ज्योत एका खोलीत नको. देवघर जवळ असेल तर दिवाही लांब. साधा एक्झॉस्ट पंखा त्या वाफेच्या वाटेत चालवायचं मी टाळतो, त्याच्या मोटरीत ठिणगी असू शकते. त्यापेक्षा टेबलफॅन दाराबाहेर ठेवून हवा आत ढकला आणि खिडकी उघडी टाका. तोंडाला कोळशाच्या डब्यांचा मास्क हवा, दोन बाजूंना गोल डबे असतात तो; ती वाफ अडवणाऱ्या जातीचा आहे ना हे विचारून घ्या. हातात नायट्राइलचे मोजे. हार्डनर अंगावर पडला तर साबणपाण्यानं धुवा, थिनरनं नाही. थिनर तो कातडीत आणखी आत नेतं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर सोडत नाही. आमच्या धंद्यात असे रंगारी आहेत की डबा उघडला तरी त्यांचे हात सुजतात.

कोरड्या टबाला स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर त्याच कंपनीचं इपॉक्सी थिनर घेऊन एकदा पुसून घ्या. रंगीत फडकं नको, त्याचा रंग सुटतो. कडेच्या टाइल्सना मास्किंग टेप.

मग माल. आतल्या बाजूला एका लिटरचा सेट पुरतो. डबे दोन असतात, रंग आणि हार्डनर. प्रमाण कंपनीगणिक वेगळं, कुठं चारास एक, कुठं तीनास एक, कुठं निम्मंनिम्म. जे लिहिलंय ते मोजून घ्या, औषधाच्या मापानं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं. इथं पोऱ्या दरवेळी विचारतो, “भाऊ, हार्डनर जरा जास्त टाकू का? लवकर वाळंल.” नाही वाळत. जास्तीच्या हार्डनरला जोडीला रेझिन मिळत नाही, तो तसाच राहतो आणि टब कायमचा चिकट होतो. कमी टाकला तरी तेच. अंदाजपंचे काम ऑइलपेंटात खपतं, इथं नाही.

रंगाचा डबा आधी बुडापासून ढवळा, पांढरा गाळ तळाशी बसलेला असतो. दोन्ही एकत्र करून तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, डब्याच्या कडा आणि बूड खरवडून. डब्यावर म्हटलं असेल तेवढं, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, झाकून मुरू द्या. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल करा, आणि मुरल्यावर तो खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. ढीग करून ठेवला की तो स्वतःच्या उष्णतेनं तापतो आणि लवकर आळतो. पसरला की जास्त वेळ टिकतो.

कोपरे आणि भोकांच्या कडा ब्रशनं, बाकी सगळं चार इंची बारीक फोमच्या रोलरनं. लांबच्या भिंतीपासून सुरू करून स्वतःकडे या, बूड शेवटी. रोलर हलक्या हातानं, एकाच दिशेनं शेवटचा फिरवा आणि मग त्या जागेला हात लावू नका. पाच मिनिटांनी मागे वळून एक ओघळ सरळ करायला जाल तर तिथं रोलरचा ठसा कायमचा राहील. पहिला हात विटका, डागाडागांचा दिसतो. दिसू द्या. तो झाकण्यासाठी जाड थापला की भिंतीवरून ओघळतो आणि आतून मऊ राहतो. संध्याकाळी न्हाणीघरातला बल्ब बंद ठेवा, नाहीतर पिकांवरचे बारीक किडे येऊन चिकटतात. एखादा चिकटलाच तर ओल्या रंगातून उपटू नका, उद्या घासून निघतो.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी, अकरानंतर. त्याआधी पृष्ठभागावर बोट फिरवा. मेणचट लागलं तर कोमट साबणपाण्यानं पुसून, साध्या स्वच्छ पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडं करून मगच. डब्यावर दुसऱ्या हाताची कमाल मुदत लिहिलेली असते. ती उलटली असेल तर ४०० नंबरनं चकाकी मोडून घ्या. आंघोळीच्या टबाला दोन हात पुरे. पाणी साठवणार असाल तर तिसरा मारा. टेप शेवटचा हात ओलसर असतानाच, तिरकी ओढून काढा.

स्प्रे मारून द्या, गुळगुळीत होईल, असं हल्ली सांगतात. गुळगुळीत होतं हे खरं, पण ते कोंदट न्हाणीघरात करायचं काम नाही. खिडकीतून थेट ऊन टबावर पडत असेल तर इपॉक्सी पिवळी पडतेच, तिथं वरचा हात ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा घेतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागू शकतो. मी तो ब्रशनंच लावतो. दम्याच्या माणसानं त्या कामात पडूच नये. त्यापेक्षा खिडकीला पडदा लावा, स्वस्त पडेल.

आता थांबणं. दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागतो आणि घरातले म्हणतात, झालं की! झालेलं नसतं. आतली प्रक्रिया पूर्ण व्हायला साधारण सात दिवस लागतात, कडाक्याच्या थंडीत दहा धरा. तोवर पाणी नाही, आत बादली नाही, मांजर नाही. नळाची पाळी मध्येच आली तर पाणी ड्रमात भरा, टबात नाही. मुदत झाल्यावर जाळ्या परत बसवा, कडेला नवं सिलिकॉन भरा, आणि पहिलं भरलेलं पाणी एक रात्र ठेवून ओतून द्या. हे पाणी वापरायचं, प्यायचं नाही. पिण्याच्या टाक्यांचा इपॉक्सी वेगळा, तसं प्रमाणपत्र असलेला येतो. साठवायच्या टबालाही महिन्यातून एकदा दोन दिवस रिकामं, कोरडं राहू द्या.

वापरात चार गोष्टी टाळल्या की घरचं काम तीन ते पाच वर्षं निघतं. बंबातलं उकळतं पाणी थेट टबात नको, आधी गार, मग गरम. तांब्याची घंगाळं आणि लोखंडी बादल्या आत आपटू नका. तारेची घासणी आणि ॲसिड दोन्ही बंद. क्षार परत बसू नये म्हणून आंघोळीनंतर फडक्यानं पुसून घेणं पुरतं. चोखण्या असलेलं रबरी पायपुसणं टबात टाकू नका, उचलताना ते रंग घेऊन येतं. आणि लग्नघरात नवरदेवाची हळद टबात उतरवू नका. हळदीचा डाग इपॉक्सीत मुरतो, नवरदेवाचं अंग दोन दिवसांत उजळतं, टब तसाच राहतो.

पुढे कधी नखाएवढा कपचा उडाला तर लगेच कोरडा करा, कडा ४०० नंबरनं उतरत्या करा आणि उरलेल्या मालातून चमचाभर, त्याच प्रमाणात मोजून, लावा. त्यासाठी काम संपल्यावर दोन्ही डबे पुसून, झाकणं घट्ट ठोकून, वेगवेगळे, सावलीत ठेवायचे. रंगाच्या डब्याची पळी हार्डनरच्या डब्यात गेली की तो डबा गेला.